अमेरिकेच्या माळरानावरील पवनचक्की

वाऱ्यास दाम पडत नाहीं; परंतु वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रास राखण लागते, आणि त्या राखणीस दाम पडतो. पवनचक्कीचा सहस्र वर्षांचा इतिहास थोडक्यांत सांगावयाचा झाल्यास तो या राखणीचा इतिहास आहे. इराणच्या पूर्वेकडील सीस्तान प्रांतांत लोक वाऱ्यावर दळण दळतात व पाणी काढून बागा भिजवितात, अशी नोंद दहाव्या शतकांतील अरबी ग्रंथकारांनीं करून ठेविली आहे. तेथें उन्हाळ्याचे चार महिने वारा एकाच दिशेनें वाहतो. त्यामुळें चक्कीचें तोंड फिरविण्याचा प्रश्नच तेथें उद्भवला नाहीं. बाराव्या शतकापासून युरोपांत पवनचक्क्या दिसूं लागल्या, पण तेथील वारा चंचल. चक्कीवाल्यानें आकाशाकडे डोळे लावून बसावें, वारा फिरला कीं सबंध चक्की खांबाभोंवतीं वळवावी, तो वाढला कीं पात्यांवरचीं शिडें आवरावीं, मंदावला कीं पुन्हां पसरावीं, असा क्रम रात्रंदिवस चाले. हॉलंडांत समुद्रसपाटीखालच्या जमिनींतील पाणी उपसण्यासाठीं ज्या चक्क्या बांधल्या गेल्या, त्यांत चक्कीवाला बायकामुलांसह राहत असे; कारण वादळ कोणत्या घटकेस उठेल हें कोणी सांगावें?

ही राखण हलकी करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १७४५ सालीं इंग्लंडांत एडमंड ली यानें चक्कीच्या पाठीशीं एक लहान पंखा बसवून तिचें तोंड आपोआप वाऱ्याकडे वळेल अशी योजना केली. १८०७ सालीं विल्यम क्यूबिट यानें वाऱ्याच्या जोराप्रमाणें आपोआप उघडणाऱ्या झडपांचीं पातीं तयार केलीं. तरीहि चक्की म्हणजे एक मोठी इमारत आणि तिच्या दिमतीस एक जाणता मनुष्य, हें समीकरण सुटलें नाहीं. जेथें गांवभरचें धान्य दळावयाचें तेथें हा मनुष्य परवडतो. एका शेतकऱ्याच्या एका विहिरीवर तो परवडत नाहीं. स्वतःचें रक्षण स्वतः करणारी, स्वस्त आणि लहान अशी चक्की जगास हवी होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेंत निर्माण झाली, आणि तिच्यामुळें एका विस्तीर्ण प्रदेशाची वसाहत शक्य झाली.

हा प्रदेश म्हणजे मिसिसिपी नदीच्या पलीकडे, रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेलें महान् माळरान. नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस या संस्थानांचा पश्चिम भाग त्यांत येतो. १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस तेथें वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस पडतो. म्हणजे आपल्या माणदेशांत पडतो त्याच मानाचा. नद्या थोड्या, आणि ज्या आहेत त्यांतील कित्येक उन्हाळ्यांत वाळूंत लुप्त होणाऱ्या. झाड म्हणून दृष्टीस पडेल तर नदीच्या कांठींच. मात्र दोन गोष्टींची तेथें समृद्धि होती. एक वारा, त्यास अडविणारें कांहींच नसल्यामुळें तो बारा महिने मोकाट वाहतो. दुसरी गोष्ट डोळ्यांस दिसत नव्हती. कोठें चाळीस-पन्नास, तर कोठें दोनतीनशें फुटांखालीं वाळूच्या व रेतीच्या थरांत अमाप पाणी सांठलेलें होतें. वर वारा, खालीं पाणी, आणि मध्यें तहानलेली भूमि, अशी ही स्थिति होती.

तेव्हां ती भूमि निर्मनुष्य नव्हती. लाकोटा, शायेन, कोमांची इत्यादि जमाती रानरेड्यांच्या कळपांमागें पाण्यापासून पाण्यापर्यंत फिरत आणि त्या प्रदेशांत सुखानें नांदत. त्यांची राहणीच फिरती असल्यामुळें खोल विहिरीची गरज त्यांस कधीं भासली नाहीं. १८७० ते १८८० या दहापंधरा वर्षांच्या आगेमागें रानरेड्यांची बेसुमार कत्तल झाली, त्या जमातींना राखीव क्षेत्रांत कोंडण्यांत आलें, आणि मोकळी केलेली ही भूमि गोऱ्या वसाहतवाल्यांस मिळाली. १८६२ च्या कायद्यानें कोणाहि कुटुंबास १६० एकर जमीन जवळ जवळ फुकट मिळे. अट एवढीच कीं, त्यानें पांच वर्षें तेथें राहून ती कसली पाहिजे. कायदा करणारे पूर्वेकडील पावसाळी प्रदेशांत राहणारे होते. पांच वर्षें राहण्यास पाणी लागतें, याचा विचार कायद्यांत केलेला नव्हता.

त्या कुटुंबाची कल्पना करून पाहावी. लांकूड नाहीं म्हणून गवताळ मातीच्या चिपाडांचें घर रचलेलें. पाण्याचीं पिंपें गाडींत घालून दोनचार कोसांवरून आणावयाचीं. पुढें मोठ्या कष्टानें, कधीं जीव धोक्यांत घालून, शंभर फूट विहीर खणली तरी श्रमाचा शेवट होत नसे. एका गाईस दिवसाकाठीं दहा गॅलन तरी पाणी लागतें. तीस जनावरें असलीं तर तीनशें गॅलन. तीन गॅलनांच्या बादलीनें तें काढावयाचें म्हणजे शंभर फूट खोलीवरून शंभर खेपा. घरचें पिणें, रांधणें, धुणें वेगळेंच. आपल्याकडे हें काम मोटेनें होई; परंतु मोटेस एक बैलजोडी आणि एक मोटकरी दिवसभर गुंतून राहतो. जेथें शेजारचें घर दोन मैलांवर आणि मजूर मिळणें दुरापास्त, तेथें घरांतील बायका आणि पोरें हेच मोटकरी. अशा ठिकाणीं पाणी वर आणण्याचें काम वाऱ्यानें केलें, आणि केलें तें कोणाच्या देखरेखीवांचून केलें, तर त्याचें मोल काय असेल हें वेगळें सांगावयास नको.

गंमत अशी कीं, ज्यानें हें यंत्र बनविलें त्याला आरंभीं त्याचें मोल पटलें नव्हतें. डॅनियल हॅलडे हा कनेक्टिकट संस्थानांतील एलिंग्टन गांवचा यंत्रकारागीर. जॉन बर्नहॅम नांवाचा त्याचा एक परिचित पंप दुरुस्त करण्याचा धंदा करी. लोकांचे हातपंप पाहून पाहून बर्नहॅमच्या मनांत आलें कीं, फुकट वाहणाऱ्या वाऱ्यास हें काम कां देऊं नये? वादळांत न मोडणारी चक्की तेवढी कोणी बनविली पाहिजे. हॅलडेनें उत्तर दिलें म्हणतात कीं, बनविणें अवघड नाहीं, पण तसली चक्की विकत घेणारा मनुष्य जगांत आहे कोठें? तरीहि त्यानें ती बनविली, आणि २९ ऑगस्ट १८५४ रोजीं तिचें पेटंट त्यास मिळालें.

हॅलडेच्या युक्तीचें मर्म समजण्यास वाऱ्याचा एक गुणधर्म ध्यानांत घ्यावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ति दुप्पट होत नाहीं, ती आठपट होते. तिप्पट झाला तर सत्तावीसपट. म्हणजे मंद वाऱ्यांत पाणी ओढण्याइतकें मोठें चाक करावें, तर वादळांत तेंच चाक स्वतःच्या वेगानें फुटून जावयाचें. वादळांत टिकेल असें आखूड करावें, तर एरव्हीं तें फिरावयाचें नाहीं. दुबळेपणापेक्षां अतिरिक्त बळ हा पवनचक्कीचा खरा शत्रु आहे. हॅलडेनें चाकाचीं पातीं पक्कीं न ठोकतां सैल बसविलीं. चाक फार वेगानें फिरूं लागलें कीं त्याच्याच गतीनें एक नियामक हाले आणि पातीं वाऱ्यास पाठ देत. वेग उतरला कीं पुन्हां छाती देत. पुढें त्यानें आपल्या चाकाचे अनेक लहान लहान भाग पाडले. वादळ आलें कीं हे भाग छत्रीप्रमाणें मिटत, चाकाच्या जागीं एक पोकळ नळकांडें होई, आणि वारा त्यांतून निघून जाई. जास्त शक्ति हातीं लागली असतां ती सोडून देण्याची अक्कल या यंत्रांत घातलेली होती, आणि तीच त्याच्या यशाचें कारण झाली.

पूर्वेकडील हिरव्या प्रदेशांत अशा यंत्रास गिऱ्हाईक थोडें. म्हणून १८६३ सालीं हॅलडेनें आपलें बिऱ्हाड शिकागोजवळील बटेव्हिया या गांवीं हलविलें. तेथील कंपनीस पहिलें मोठें गिऱ्हाईक मिळालें तें रेल्वेचें. वाफेच्या एंजिनास वीसतीस मैलांवर पाणी घ्यावें लागे. ओसाड माळावर तें भरून ठेवणार कोण? तेव्हां रुळांच्या कडेस उंच टांक्या आणि त्यांच्या शेजारीं प्रचंड लांकडी पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १८६९ सालीं आगगाडी एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत पोंचली, तेव्हां वाटेंतील कित्येक ठिकाणचें पाणी तिला वाऱ्यानें पाजलेलें होतें.

दुसरी महत्त्वाची सुधारणा एका धर्मोपदेशकाकडून झाली. रेव्हरंड लेनर्ड व्हीलर हा सुपीरियर सरोवराच्या कांठीं ओजिब्वे जमातींत राहून काम करीत असे. १८६७ सालीं त्यानें आपल्या चक्कीचें पेटंट घेतलें. व्हीलरचें चाक एकसंध होतें. त्याचे तुकडे मिटत नसत. चाकाच्या मागें वाऱ्याकडे तोंड धरून ठेवणारें मोठें शेपूट, आणि चाकाच्या बाजूस एक लहानसा पंख. वारा वाढला कीं तो या पंखावर दाब देई आणि सबंध चाक दारासारखें बिजागरीवर वळून वाऱ्यास कड दाखवी. वारा ओसरला कीं एक लोंबतें वजन त्यास पूर्वस्थितीस आणी. इतकी ही साधी करामत! भाग थोडे, म्हणून बिघाडहि थोडा. त्याच्या चक्क्या विस्कॉन्सिन संस्थानांतील बलॉइट येथें तयार होऊं लागल्या, आणि सामान्य शेतकऱ्याच्या आंगणांत चक्कीचा प्रवेश झाला. अशा तऱ्हेच्या तोलासाठीं पुढें कांहीं कारखानदारांनीं बिडाचीं वजनें ओतलीं तीं घोडा, बैल, कोंबडा अशा आकारांचीं. आज तीं वजनें जुन्या वस्तूंचे शोकी लोक मोठ्या किंमती देऊन घेतात. परंतु मूळ काम त्यांचें एकच, वादळ सरल्यावर चाकास पुन्हां कामावर आणण्याचें.

येथवरचें सर्व काम कारागिराच्या हाताच्या अंदाजानें झालें होतें. चाकास पातीं किती असावींत, तीं किती तिरपीं बसवावींत, सपाट असावींत कीं वांकडीं, हें कोणी मोजून पाहिलें नव्हतें. तें काम टॉमस पेरी या इंजिनियरानें केलें. हॅलडेच्याच कंपनीच्या नोकरींत असतां १८८२ व १८८३ या सालीं त्यानें निरनिराळ्या ६१ चाकांवर पांच हजारांहून अधिक प्रयोग केले. बाहेरचा वारा क्षणोक्षणीं बदलतो, त्यावर मोजमाप कसें करावें? म्हणून पेरीनें बंद इमारतींत वाफेच्या यंत्रानें एक लांब दांडा गरगर फिरविला आणि त्याच्या टोंकास चाक बांधलें. वारा चाकाकडे जाण्याऐवजीं चाकच वाऱ्यांत जाऊं लागलें, तेंहि ठराविक गतीनें. प्रयोगांतीं असें ठरलें कीं, लांकडाच्या सपाट पट्ट्यांऐवजीं पोलादी पत्र्याचीं किंचित् वांकविलेलीं पातीं योग्य कोनांत बसविलीं, तर प्रचलित लांकडी चाकापेक्षां शेंकडा ८७ अधिक काम निघतें. कंपनीनें मात्र जुनीं लांकडी चाकेंच बनविण्याचें चालू ठेविलें. तेव्हां पेरी शिकागोच्या लव्हर्न नॉइज या व्यापाऱ्यास जाऊन मिळाला, आणि १८८८ सालीं ‘एअरमोटर’ नांवाची पोलादी चक्की बाजारांत आली.

इतर कारखानदारांनीं तिला ‘गणिती पवनचक्की’ म्हणून हिणविलें. पहिल्या वर्षीं तिचे अवघे ४५ नग खपले. कंपनीनें स्वतःच्या जाहिरातींत छापलेले पुढील आंकडे असे: १८८९ मध्यें २,२८८, १८९० मध्यें ६,२६८, आणि १८९१ मध्यें २०,०४९. गणिताची थट्टा तेथेंच थांबली. १८९३ सालीं शिकागोस भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत अनेक कारखान्यांच्या पवनचक्क्या ओळीनें फिरत होत्या. अमेरिकेंत १८५० नंतरच्या सव्वाशें वर्षांत अशा लहान चक्क्या एकूण साठ लाखांच्या वर उभारल्या गेल्या, असा अंदाज सामान्यतः केला जातो.

या पोलादी चक्कीची रचना वरपासून खालपर्यंत पाहण्याजोगी आहे. तीसचाळीस फूट उंच, चार पायांचा लोखंडी मनोरा. त्याच्या माथ्यावर सहाआठ फूट व्यासाचें, पुष्कळ पात्यांचें चाक. पुष्कळ पातीं अशासाठीं कीं, जड पंप ओढून चालू करण्यास जोर लागतो. वेगाची तेथें मातब्बरी नाहीं. चाकाच्या आंसावर दंतचक्रें बसविलेलीं. चाक सुमारें तीन वेळां फिरलें कीं पंपाचा दांडा एकदां वर जाऊन खालीं येतो. त्यामुळें झुळुकीसारख्या वाऱ्यांतहि पंप हळूहळू चालतो. लांकडी दांडा मनोऱ्याच्या मध्यांतून सरळ खालीं, नळाच्या पोटांतून विहिरीच्या पाण्यापर्यंत उतरतो. तेथें पितळी नळकांड्यांत दट्ट्या, आणि दट्ट्याभोंवतीं चामड्याच्या वाट्या. दट्ट्या वर जातांना पाणी उचलतो, खालीं येतांना झडप उघडून नवें पाणी वर घेतो. बादलीभर पाणी एकदम यावयाचें नाहीं. येते ती करंगळीएवढी धार. आठ फुटी चाकास बऱ्यापैकीं वारा असला तर शंभर-सव्वाशें फुटांवरून ताशीं शंभर-सव्वाशें गॅलन. शक्तीच्या हिशेबानें पाहतां तें काम एका अश्वशक्तीच्या चतुर्थांशाहून कमीच भरतें. पण तें रात्रीं चालतें, घरची माणसें निजलीं असतां चालतें, आणि सकाळीं हौद भरलेला असतो.

एक राखण मात्र उरली होती. दंतचक्रांस तेल घालण्यासाठीं दर आठवड्यास कोणी तरी मनोऱ्यावर चढावें लागे. गोठलेल्या हिवाळ्यांत, निसरड्या शिडीवरून तेलाचा डबा घेऊन चढणें हें काम बहुधा घरच्या तरुण पोराच्या वांट्यास येई, आणि त्यांत पडून हातपाय मोडल्याचे प्रसंगहि घडत. १९१५ सालीं सर्व दंतचक्रें तेलाच्या बंद पेटींत बुडवून ठेवणारी चक्की एअरमोटर कंपनीनें काढली. वर्षांतून एकदां तेल बदललें कीं झालें. हॅलडेनें वादळाची राखण काढून टाकली, आणि या सुधारणेनें वंगणाची.

माळरानाच्या अर्थव्यवस्थेवर या धारेचा परिणाम फार खोल झाला. पूर्वी गुरें नदीनाल्याच्या आश्रयानेंच चरत. ज्याच्या ताब्यांत नदीकांठ, त्याच्या ताब्यांत मागचे शेंकडों मैल. १८७४ सालीं जोसेफ ग्लिडन या इलिनॉइसच्या शेतकऱ्यानें काटेरी तारेचें पेटंट घेतलें आणि लांकडावांचून कुंपण घालणें शक्य झालें. परंतु कुंपणाच्या आंत पाणी नसेल तर कुंपण म्हणजे गुरांचा मृत्यु. तें पाणी चक्कीनें दिलें. टेक्सस सरकारनें ऑस्टिन येथील आपलें भव्य राजभवन बांधून घेण्याच्या मोबदल्यांत एका मंडळीस तीस लक्ष एकर जमीन दिली; ‘एक्स आय टी’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या त्या कुरणांत १९०० च्या सुमारास तीनशेंहून अधिक पवनचक्क्या होत्या. त्यांतील १८८७ सालची एक लांकडी चक्की सुमारें १३० फूट उंच होती, कारण ती दरींत होती आणि वारा वर होता. १९२६ च्या वादळांत ती पडली. अशा कुरणांत एक स्वतंत्र नोकरच नेमलेला असे. छपराच्या गाडींत संसार घालून तो एका चक्कीकडून दुसरीकडे जाई, तेल घाली, झिजलेल्या चामड्याच्या वाट्या बदली, आणि महिनोन् महिने मनुष्याचें तोंड पाहत नसे. टेक्ससचे इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या प्रदेशाच्या वसाहतीचीं साधनें म्हणून पिस्तूल, काटेरी तार आणि पवनचक्की यांची एकत्र गणना केली आहे, ती यथार्थ होय.

ज्यांना विकतची चक्की परवडत नव्हती त्यांची कथा अधिक हृद्य आहे. १८९० नंतरच्या दुष्काळांत नेब्रास्कांतील अनेक कुटुंबें जमिनी टाकून परत गेलीं. जीं राहिलीं त्यांच्याजवळ पैसा नव्हता. त्यांनीं जुन्या खोक्यांच्या फळ्या, मोडक्या कापणीयंत्राचीं चाकें, गाडीचे आंस, पत्र्याचे तुकडे असें जें हातीं लागलें त्यांतून चक्क्या रचल्या. नेब्रास्का विद्यापीठाचे भूगर्भशास्त्रज्ञ अर्विन बार्बर यांनीं आपल्या सहकाऱ्यांस प्लॅट नदीच्या खोऱ्यांत हिंडवून या घरगुती चक्क्यांचीं चित्रें व वर्णनें जमविलीं आणि १८९९ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. त्यांत ‘जंबो’ नांवाचा प्रकार सर्वांत साधा: आगबोटीच्या वल्हेचाकासारखें एक आडवें चाक जमिनीवरच एका पेटींत बसवावयाचें, खालचा अर्धा भाग फळ्यांनीं झांकावयाचा, वरच्या अर्ध्यावर वारा घ्यावयाचा. तिला तोंड फिरवितां येत नाहीं. पण त्या खोऱ्यांत वारा बहुधा उत्तरेचा किंवा दक्षिणेचा, म्हणून चालून जाई. थोड्याशा डॉलरांत झालेल्या अशा चक्कीवर आंगणांतील भाजीचा मळा, फळझाडें, कोंबड्या आणि दोनचार गाई जगत. बार्बर यांच्या वर्णनांतून स्पष्ट दिसतें कीं, ज्या आंगणांत चक्की होती तेथें झाडें होतीं, आणि जेथें झाडें होतीं तेथें कुटुंब टिकलें होतें.

परंतु चक्कीची मर्यादाहि येथेंच दिसून येते. कॅन्ससांतील गार्डन सिटी या गांवाभोंवतीं चक्कीचें पाणी मातीच्या तळ्यांत सांठवून शेती करण्याचा प्रयोग पुष्कळ शेतकऱ्यांनीं केला. खोल पाणी नव्हतें म्हणून तो साधलाहि. तथापि एका चक्कीवर भिजावयाची ती थोडकी एकर जमीन. मळा पिकेल, शिवार पिकणार नाहीं. भारतांतहि हाच अनुभव आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रास इलाख्यांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं अशा चक्कीनें शेतीस पाणी देण्याचे प्रयोग केले. पुढें त्यांचें लक्ष तेलाच्या एंजिनावर चालणाऱ्या पंपांकडे वळलें. १९६० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनेंहि पाणी उपसणारी चक्की तयार केली, परंतु तिचा प्रसार मर्यादितच राहिला. आपल्याकडे आणखी एक अडचण निसर्गाची आहे. दख्खनच्या पठारावर वाऱ्याचा खरा जोर जून ते ऑगस्ट, म्हणजे आकाशांतून पाणी पडत असतांना. रब्बीच्या पिकास विहिरीचें पाणी हवें असतें त्या दिवसांत वारा मंद असतो. अमेरिकेच्या माळावर तहान आणि वारा हीं बहुधा बरोबर येत. येथें त्यांची चुकामूक होते.

अमेरिकेंतहि चक्कीचे दिवस पुढें भरले. १९३५ च्या सुमारास तेथील दहा शेतवाड्यांतील जेमतेम एकीस वीज मिळत होती. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यानें तारा माळरानावर पोंचल्या, आणि कळ दाबतांच पाणी येऊं लागल्यावर वाऱ्याची वाट कोण पाहणार? दुसऱ्या महायुद्धानंतर खोल नळविहिरींवरील शक्तिमान् पंप आले. १९५२ सालीं फ्रँक झायबाक या शेतकऱ्यानें स्वतःभोंवतीं फिरत वर्तुळाकार पाणी शिंपडणाऱ्या लांब नळीचें पेटंट मिळविलें. आज विमानांतून पाहतां त्या प्रदेशांत जीं हिरवीं वर्तुळें एकाशेजारीं एक दिसतात तीं याच यंत्राचीं. ज्या माळावर एकेकाळीं एक मळा जगविणें कठीण होतें तेथें मका आणि गहूं यांचें अमाप पीक निघूं लागलें. त्या समृद्धीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्या धान्यावर आणि मांसावर लक्षावधि लोक पोसले गेले.

मात्र हिशेब पाहिला पाहिजे. अशा एका नळविहिरीवरील पंप मिनिटास पांचशेंपासून हजार गॅलनपर्यंत पाणी काढतो. जुनी चक्की चारपांच तासांत जें काढी, तें हा एका मिनिटांत काढतो. भूमीच्या पोटांतील तो सांठा, ज्यास ओगलाला जलसांठा म्हणतात, आठ संस्थानांखालीं सुमारें १,७४,००० चौरस मैल पसरलेला आहे. परंतु तो सहस्रावधि वर्षांत सांचलेला असून पावसानें त्याची भरपाई फार सावकाश होते. पश्चिम कॅन्सस आणि टेक्सस येथील कांहीं भागांत त्याची पातळी शंभर फुटांहून अधिक खालावली आहे. लाखों चक्क्या पाऊणशें वर्षें त्याच सांठ्यांतून पाणी पीत होत्या, आणि त्याला धक्का लागल्याचें कोणाच्या लक्षांतहि आलें नव्हतें. चक्की वाऱ्यापेक्षां अधिक मागूं शकत नव्हती, हा तिचा दोष म्हणून टाकण्यांत आला होता. त्याच दोषानें सांठा राखला होता, हें पुढें कळून आलें.

या गोष्टीची जाणीव तेथील शेतकऱ्यांस झाली नाहीं असें नाहीं. २०१३ सालीं कॅन्ससांतील शेरिडन परगण्यांतील शेतकऱ्यांनीं आपण होऊन एक बंधन पत्करलें. पांच वर्षें सर्वांनीं मिळून उपसा शेंकडा वीसनें कमी करावयाचा, आणि हें बंधन कायद्यानें सर्वांस लागू व्हावयाचें. मुदत संपल्यावर त्यांनीं तें पुढेंहि चालू ठेविलें. शेजाऱ्यानें अधिक उपसलें तर आपलें राखलेलें पाणी त्याच्याकडे जाईल, या भीतीनें जें कोणी एकट्यानें करूं शकत नव्हता तें त्यांनीं एकत्र येऊन केलें. हॅलडेनें आपल्या चाकास जी शिस्त लावून दिली होती, कीं शक्ति हातीं असतांहि ती सोडून द्यावी, ती आतां माणसांस बैठक भरवून, मतें घेऊन, स्वतःस लावून घ्यावी लागत आहे.

पवनचक्की अद्यापि अगदींच नामशेष झालेली नाहीं. टेक्ससमधील लबक या शहरीं तिचें एक मोठें संग्रहालय आहे. आणि त्याच संस्थानांतील सॅन अँजेलो येथें एअरमोटर चक्क्या आजहि तयार होतात. विजेची तार जेथें नेणें परवडत नाहीं अशा दूरच्या कुरणांत त्या पाणी ओढतात, जरी तेथेंहि सूर्यप्रकाशावर चालणारे पंप त्यांची जागा घेत आहेत. अशा एखाद्या मनोऱ्याखालीं गोल हौद असतो, हौदांत करंगळीएवढी धार पडत असते, आणि गुरें आपल्या पायवाटेनें येऊन पाणी पिऊन जातात. हौद भरला कीं मनोऱ्याच्या पायथ्याची कळ ओढावयाची. शेपूट चाकाला जाऊन भिडतें, चाक वाऱ्यास कड देतें, आणि पुन्हां पाणी लागेपर्यंत उगी राहतें.